दाराशी आलेला जेवणाचा डोंगर

१

आधी वास आला, मग गल्ली दिसली.

टॅक्सीवाल्याने कोपऱ्यावरच गाडी थांबवली, चारी काचा वर केल्या आणि म्हणाला, "आजी, इथून पुढे चालत जा. हा वास सीटला बसला तर बायको मला घरात घ्यायची नाही."

"आणि गाडीत आधीच जो वास आहे त्याचं काय म्हणते ती?" वन्सं म्हणाल्या आणि उतरल्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. अन्न निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. आयुष्यभर परक्या भटारखान्यांत नाक खुपसायचा सरकारी पगार घेतला त्यांनी. एकदा एका हॉटेलच्या दारात उभं राहून त्यांनी नुसता श्वास घेतला, तर आतला आचारी मागच्या दाराने पळाला तो थेट परगावी, आणि तिथे त्याने चपलांचं दुकान काढलं. चपलांचं दुकान मी पदरचं घातलंय. आचारी मात्र खरंच पळाला होता.

तर वास. नुसतं नासलेलं दूध असतं तर नाक दाबून गेले असते मी. ह्यात नासलेलं दूध होतं, मासळी होती, अंडी होती, आंबलेला भात होता, आणि ह्या सगळ्यावर कुणीतरी गुलाबाचं अत्तर फवारलं होतं. ते अत्तर सगळ्यात वाईट. मढ्याला पावडर लावल्यासारखं.

गल्लीत एक पत्र्याचं गोदाम, त्याला निळं दार, दार सताड उघडं. आत जेवणाचा डोंगर. खोकी, पिशव्या, डबे, वाट्या, एकावर एक, पार छताला टेकलेले. खालचं वरच्याच्या वजनाने फुटलेलं आणि त्यातून काहीतरी पिवळं, काहीतरी तपकिरी, काहीतरी ज्याला रंगच उरला नव्हता असं उंबऱ्यावरून रस्त्यावर येत होतं. माथ्यावर ढग होते म्हटलं तर वन्सं रागावतील, म्हणून माश्या होत्या म्हणते. पण ढगाएवढ्या होत्या.

हे सगळं अख्ख्या शहराचं जेवण. फोनवरून मागवलेलं. लोकांच्या घरी जायच्या ऐवजी ह्या गोदामात येऊन पडलेलं.

आणि कंपनीचं म्हणणं असं की हे माझ्या सुनेने केलं.

सून तिथे मुलाखतीला गेली होती. फोनवरून जेवण पोचवणारी कंपनी ती, आणि जागा होती सीनियर बॅकएंड इंजिनियरची. म्हणजे काय ते तिने मला असं सांगितलं होतं: फोनवर दिसतं ते दुकानाचं तोंड, आणि त्यामागे जी यंत्रणा चालते, कुणाची ऑर्डर, कुठलं हॉटेल, कुठला डिलिव्हरीवाला, कुठलं दार, ती सगळी बॅकएंडवाल्यांच्या हातात. माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा चांगली नोकरी सोडून माझ्या उशाशी बसली होती पोर. मी चालायला लागले, तोवर तिला बाहेर कुणी विचारेना. "मध्ये गॅप आहे," म्हणायचे. माझं हाड म्हणजे ह्यांची गॅप! शेवटच्या फेरीपर्यंत बोलावणारी ही पहिलीच कंपनी.

आणि दुपारी तिचा फोन. "आई, मला इथून सोडत नाहीयेत. म्हणतात, मी शहराचं जेवण पळवलं. पोलिसांना बोलावतायत."

२

पुढच्या रस्त्याला कंपनीची इमारत. वर काचेची खोली. काच अशी लख्ख की मी काठीसकट तिच्यावर आपटले.

आत लांबलचक टेबल. एका टोकाला सून, पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून. दुसऱ्या टोकाला मालक, जाडजूड, घामाघूम. त्यांच्या शेजारी त्यांचे जावई. तांत्रिक विभागाचे प्रमुख ते, आणि सगळी कंपनी त्यांना जावईबापूच म्हणते. गोरेगोमटे, हळू आवाज, दर दोन वाक्यांनी हाताला सॅनिटायझर चोळणार. भरतीचं काम बघणारी एक बाई, बोलण्यात इतकी साखर की मी तिचं नाव तिथेच साखरबाई ठेवलं. आणि कोपऱ्यात एक जुना इंजिनियर, दाढी वाढलेला, सारखा पुटपुटत होता. तो कुरकुऱ्या.

"मावशी, तुम्ही बसा," जावईबापू मला म्हणाले. "वाईट वाटतं हो सांगायला. आम्ही ह्यांना टेस्टच्या कॉपीवर काम दिलं होतं. म्हणजे नुसता सराव, त्याने बाहेर काही हलत नाही. ह्या तिथून लाइव्ह सिस्टीममध्ये घुसल्या, जिच्यावर शहर चालतं. ह्या बसल्या आणि शहरभर बोंब सुरू झाली. माझ्याकडे रेकॉर्ड आहे."

"मी कुठेही घुसले नाही, आत्या," सून वन्संना म्हणाली. "मला दिलेला लॅपटॉपच लाइव्हला जोडलेला असणार. मला वाटलं, नमुना छान बनवलाय, अगदी खऱ्यासारखा हलतोय. मी फक्त त्यांचा प्रश्न सोडवला."

"कुठला प्रश्न?"

"गिऱ्हाइकाचा पत्ता सापडला नाही तर जेवणाचं काय करायचं? ह्यांनी सांगितलं, तसली सगळी पार्सलं मागच्या गल्लीतल्या हिरव्या दाराशी टाकायची, असं करून दाखवा. मी म्हटलं, हे काय भलतंच? पत्ता सापडत नसेल तर माणसाला फोन करून विचारा, तोवर जेवण हॉटेलातच राहू दे. भुकेल्याचं जेवण कुठल्यातरी दाराशी नेऊन का टाकायचं? मी माझंच लिहिलं."

"बघा," जावईबापू हसले. "सांगितलेलं ऐकतच नाहीत."

मालकांनी टेबलावर थाप मारली. "पुरे झालं! पोलीस बघतील."

"बोलवा की," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पर्समधून जुनं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. ते कधीच बाद झालंय, पण फोटोतले डोळे अजून चालतात. "तोवर मी आरोग्य खात्याला फोन करते. मागच्या गल्लीत नासलेल्या अन्नाचा डोंगर आहे आणि त्याचा रस गटारात चाललाय. ते लोक आले की आधी तुमची कंपनी बंद करतील, मग कारण विचारतील. मी शिकवलंय त्यांना तसं."

मालकांचा घाम गालावरच थांबला. "काय हवंय तुम्हाला?"

"ह्या तिघांशी बोलायचंय. आणि तो ढीग बघायचाय."

"बघितलात की येताना!"

"तो दिसला. बघितला नाही अजून."

तेवढ्यात साखरबाई मधाळ आवाजात म्हणाली, "पण आजी, आता उशीर झाला हो. सगळ्या कंपन्यांच्या भरतीवाल्यांचा एक ग्रुप आहे ना, त्याच्यावर मी मघाशीच टाकलं. ह्यांना कुठेही घेऊ नका म्हणून. फोटोसकट."

सुनेच्या हातातली बाटली चुरगळली.

३

पहिल्यांदा साखरबाईलाच घेतलं शेजारच्या खोलीत. तिच्या अंगाला तोच गुलाबाचा वास.

"गोदामात अत्तर तू फवारलंस?" वन्सं.

"हो ना. म्हटलं, जरा प्रसन्न वाटेल."

"बाई, कुजलेल्या मासळीला गुलाब लावलास तर गुलाब मरतो. मासळी जिवंत होत नाही." वन्संनी रुमालाने नाक पुसलं. "लॅपटॉप कुणी दिला हिला?"

"मीच. नेहमीचा कपाटात असतो, पण जावईबापू म्हणाले, आज माझ्या टेबलावरचा द्या. मी दिला. मला त्यातलं काही कळत नाही. सिस्टीमला हात लावायची परवानगीच नाही मला. उमेदवारांची उत्तरं गोळा करायची आणि जावईबापूंना द्यायची, एवढंच."

"फार उमेदवार येतात?"

"अगं बाई, रांग लागते! जागा कधीपासून रिकामी आहे. पण जावईबापूंना कुणी पसंतच पडत नाही. सगळ्यांना तोच एक प्रश्न विचारतात, सगळ्यांची उत्तरं घेतात, आणि मी सगळ्यांना 'कळवू' म्हणून सांगते."

"मग काम कोण करतं?"

"जावईबापूच! मुलाखती झाल्या की थोड्या दिवसांत ते काहीतरी नवीन करून दाखवतात. आम्ही टाळ्या वाजवतो, केक कापतो."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी केकचा विचार करत होते.

"आज सकाळी काही तक्रारी आल्या होत्या गिऱ्हाइकांच्या?"

"रोजच येतात. पण आम्हाला त्रास नाही हो त्याचा. मशीनच परस्पर निरोप पाठवतं." तिने पाठ म्हणून दाखवलं, "'प्रिय ग्राहक, तुमचं पार्सल पोचायला उशीर झाला. आम्ही मनापासून दिलगीर आहोत. पुढच्या ऑर्डरवर खास सूट घ्या.'"

"मनापासून," मी म्हटलं. "मशीनच्या."

"हो ना!" साखरबाई खूश झाली.

मग कुरकुऱ्या आला. खुर्चीत बसला आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. वन्सं नुसत्या वाकल्या, ह्या वयात, गुडघे कडकड वाजत, आणि त्याच्या बुटापाशी नाक नेलं. मी तोंड फिरवलं. घरातल्यांच्या सवयी आपण पत्करलेल्या असतात, पण त्यालाही सीमा आहे.

वन्सं सरळ झाल्या.

"भोपळ्याचं सूप," त्या म्हणाल्या. "वर मलई होती. बाळा, बोंब होण्याच्या आधी तू त्या गोदामात काय करत होतास?"



४

"सांगतो," तो म्हणाला. "पण आधी ऐका, मी केलं नाही. करायला मला सगळी कारणं आहेत. ही जागा मला मिळायला हवी होती. लाइव्हची किल्ली माझ्याकडे आहे, म्हणजे मी ठरवलं तर शहराला उपाशी ठेवू शकतो. म्हणून तर गप्प बसलो. तोंड उघडलं असतं तर सगळे माझ्याच अंगावर आले असते."

"आणि त्या पोरीच्या अंगावर आले ते चाललं तुला?" मी काठी आपटली.

तो खाली बघत राहिला. ते बरं केलं. वर बघितलं असतं तर मी काठी दुसरीकडे आपटली असती.

"जेवणाची गर्दी ऐन भरात होती," तो म्हणाला. "मी गल्लीत उभा होतो. एक डिलिव्हरीवाली आली आणि विचारायला लागली, हिरवं दार कुठे आहे? फोनवर नकाशाचा ठिपका इथेच दाखवतोय, खाली हिरवं दार लिहिलंय, आणि गल्लीत एकही दार हिरवं नाही. मला घाम फुटला. त्या गोदामाचं दार निळं करून जमाना झाला हो. आता सगळे त्याला बॅगांचं गोदाम म्हणतात, डिलिव्हरीवाल्यांच्या बॅगा असतात म्हणून ते उघडंच असतं. हिरवं दार म्हणणारा मी एकटा उरलोय. कंपनी सुरू झाली तेव्हा आम्ही तिथे बसायचो, पत्र्याखाली. तेव्हा मुलाखतीसाठी तो प्रश्न मीच बनवला होता. नमुन्याला कुठलातरी पत्ता हवा, म्हणून आपलंच दार घातलं."

"म्हणजे प्रश्न तुझा."

"माझा. जावईबापू आले आणि तो त्यांचा झाला. मला मुलाखतीच्या खोलीत येऊ देत नाहीत ते. कुणाचं उत्तरही दाखवत नाहीत. म्हणतात, तुझा चेहरा बघून उमेदवार पळतात."

"तेवढं खरं आहे," मी म्हटलं.

"मी आत डोकावलो तर पाय सुपात गेला. धावत वर आलो, सिस्टीम बघायला. तर तोवर थांबलं होतं. पार्सलं परत आपापल्या घरी जायला लागली होती. कुणी थांबवलं ते कळेना."

वन्संनी त्याला जायला सांगितलं. दारापाशी त्याला हाक मारली. "एक सांग. पत्ता सापडला नाही तरच हिरवं दार ना? मग अख्ख्या शहराचे पत्ते कसे हरवले?"

"हरवले नाहीत. गर्दी झाली की पत्ता शोधायला यंत्राला क्षणभर जास्त लागतो. कुणीतरी त्या क्षणालाच 'सापडला नाही' असं धरलंय. गर्दी कमी, तर चुकतात थोडे. गर्दी वाढली की सगळेच."

शेवटी जावईबापू. आल्या आल्या त्यांनी आधी खुर्ची पुसली, मग हात.

"गोदामात जाऊन आलात?" वन्सं.

"मी? छे!" त्यांच्या अंगावर शहारा आला. "त्या गल्लीत मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. घाण बघवत नाही मला. लहानपणापासून."

"मग प्रश्नातलं ते हिरवं दार कुठलं?"

"ते होय? ते नमुन्याचं. असं दार कुठे नसतंच मुळी." आणि पुन्हा सॅनिटायझर.

वन्सं इतक्या गोड हसल्या की मला भीती वाटली. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना दोनदाच असं हसताना पाहिलंय. दोन्ही वेळा समोरच्याचं हॉटेल गेलं.

"चला," त्या म्हणाल्या. "सगळेच चला. ढीग उपसायचाय."

५

बायकांच्या पर्समध्ये आरसा असतो, कंगवा असतो. वन्संच्या पर्समध्ये कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे असतात. ते चढवून त्या गोदामात शिरल्या तेव्हा मालकांनी तोंडावर टॉवेल धरला, साखरबाईने डोळे मिटले, आणि जावईबापू पार रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

"जवळ या," वन्सं म्हणाल्या. "दुपारपासून तुमच्यापैकी एकानेही ह्याला हात लावलेला नाही. सफाईवाले बोलावले, तेही पळाले. घाण वाटते. बरोबर आहे, घाणच आहे. पण जे घाण वाटतं तिथे कुणी बघत नाही, हे लक्षात ठेवूनच माणसं तिथे लपवतात."

आणि त्यांनी वरून सुरुवात केली. मालकांनी टॉवेलमागे "अरे देवा" म्हटलं. खोक्यामागून खोकं खाली येत होतं आणि वन्सं एकेकाचं झाकण उघडून वास घेत बोलत होत्या, जशी भाजीवाली भाव सांगते तशी.

"हे वरचं. सूप, भात, तळलेली मासळी. दुपारच्या जेवणाच्या सुरुवातीचं. अजून धड मेलेलं नाही. आता मला सांगा, जेवणानंतर लोक काय मागवतात? केक, आइस्क्रीम, कॉफी. कुठे आहे? एकही नाही. म्हणजे जेवणाची वेळ अर्धी झाली आणि ढीग वाढायचा थांबला."

मग त्या मध्यात घुसल्या. पुन्हा भात, पुन्हा नूडल्स, सगळं चेपलेलं, एकमेकांत मुरलेलं. कुठल्यातरी खोक्यातून काहीतरी लांब, पांढरं बाहेर आलं आणि मी ठरवलं की नूडलच आहे. मेले तरी दुसरं काही होतं असं मानणार नाही.

आणि मग तळ. वन्संनी गुडघे टेकले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि एक चपटं झालेलं खोकं ओढून काढलं.

उघडलं. आत ऑम्लेट. कडेने हिरवट, वरून घाम आलेलं.

दुसरं काढलं. ऑम्लेट. तिसरं, दुधातले ओट्स, झाकण फुगून टम्म. वन्संनी टाचणी लावली तर फुस्स झालं आणि जावईबापू रस्त्यापलीकडे भिंतीला धरून ओकले.

"लोक दुपारीही ऑम्लेट मागवतात!" तोंड पुसत ते तिकडूनच ओरडले.

"मागवतात. पण मग ते भातात मिसळलेलं सापडलं असतं. सगळ्यात खाली एकजात न्याहारी, तिच्यावर एकजात जेवण. आणि हे दूध काही आत्ता दुपारी नासलेलं नाही. हे पत्र्याखाली सकाळपासून शिजतंय."

"पण रेकॉर्ड दुपारपासूनचं आहे!"

"रेकॉर्ड मागून कापता येतं," वन्सं म्हणाल्या. "ऑम्लेट कापलं तरी सकाळचंच राहतं."

मालकांनी टॉवेल खाली घेतला. सुनेकडे वळले. "तुम्ही किती वाजता आलात?"

"जेवणाची गर्दी सुरू झाल्यावर," सून म्हणाली. "न्याहारीच्या वेळी मी आईंना व्यायाम करवत होते."

खरं आहे. आणि मी तेव्हा तिला शिव्या देत होते, खुबा दुखतो म्हणून.

"मग कुणी?" मालक ओरडले आणि कुरकुऱ्याकडे वळले. "तू! हिरवं दार तुझं, किल्ली तुझी!"

कुरकुऱ्या भिंतीला टेकला.

६

"थांबा," वन्संनी हातमोजे काढले. त्यांचा फाट असा आवाज झाला. "सकाळी सिस्टीममध्ये जे होतं त्यात हिरवं दार होतं. म्हणजे ते कुणाचं तरी मुलाखतीतलं उत्तर होतं. दुसरीकडे कुठे ते शब्द नाहीतच. आता बघा. ही साखरबाई, हिच्या हातात उत्तरं येतात, पण सिस्टीमला हात लावता येत नाही. हा कुरकुऱ्या, ह्याला सिस्टीम उघडी, पण उत्तरं कुणी दाखवत नाही. आणि ह्याने घातलं असतं तर आधी ते दार काढलं असतं, ते कुठलं हे ह्याला ठाऊक. दोन्ही हातात असलेला माणूस एकच. आणि ते दार खरं आहे हे ठाऊक नसलेलाही तोच. तो ह्या गल्लीत कधी आलाच नाही, कारण त्याला घाण बघवत नाही."

माश्या तेवढ्या बोलत होत्या.

"उमेदवार येतात," वन्सं पुढे म्हणाल्या. "उत्तर देऊन जातात. हे ते उत्तर घेतात, माणूस टाकतात, आणि थोड्या दिवसांनी उत्तर आपलं म्हणून लाइव्हमध्ये घालतात. तुम्ही टाळ्या वाजवता. जागा कधीच भरत नाही, कारण भरली तर फुकटची उत्तरं बंद. ह्या खेपेला घाईत न वाचता घातलं, नमुन्याच्या दारासकट. शेजारच्याचा पेपर कॉपी करताना त्याचं नावही उतरवून घ्यावं तसं."

"सकाळी तक्रारी आल्या," सून हळूच म्हणाली. तिला आता सगळं दिसायला लागलं होतं. "मशीनने दिलगिरी पाठवली. बाकी कुणी वाचल्या नाहीत, पण ह्यांनी बघितल्या. बिघडलंय हे कळलं, का बिघडलं ते कळेना. म्हणून मला लाइव्हला जोडलेला लॅपटॉप दिला. मी दुरुस्त केलं तर ते ह्यांचं. नाही केलं तर दोष माझा."

"आणि तू दुरुस्त केलंस," वन्सं म्हणाल्या. "हिरवं दार काढून टाकलंस, हट्टाने. म्हणून ढिगावर केक नाही. बोंब मागाहून झाली, कारण भुकेला माणूस आधी वाट बघतो आणि मग ओरडतो. लोक ओरडायला लागले तेव्हा तू कधीच थांबवलं होतंस."

जावईबापूंनी खिशातून सॅनिटायझर काढलं. बाटली रिकामी होती. ती दाबत राहिले नुसती, फुस्स, फुस्स.

७

तुम्हाला वाटेल, मालक जावयावर तुटून पडले. मलाही वाटलं होतं.

मालकांनी घाम पुसला आणि म्हणाले, "हे बघा. घरातली गोष्ट आहे. घरातच राहू द्या." मग सुनेकडे वळून, अगदी मायेने, "ही जागा तुमचीच. उद्यापासून या. जावईबापूंच्या हाताखाली. पगार तुम्ही म्हणाल तो."

अख्खा ढीग उपसला, पण इतकं नासलेलं त्यात काही निघालं नव्हतं.

सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही. बरं झालं. पाहिलं असतं तर माझ्या डोळ्यांत तिला तीच गॅप दिसली असती, आणि माझ्यासाठी ती हो म्हणाली असती.

"नको," ती म्हणाली. "गोदाम धुऊन निघेल हो, साहेब. वर काचेच्या खोलीत जो वास आहे तो नाही निघायचा."

"तुझं झालं बोलून?" वन्सं पुढे आल्या. "आता माझं. आरोग्य खात्याला मी अजून फोन केलेला नाही. दोन गोष्टी करा, करणारही नाही. पहिली, ह्या साखरबाईने ग्रुपवर आत्ता लिहायचं की आमचं चुकलं, हिने शहराचं जेवण वाचवलं. फोटोसकट."

साखरबाईने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. वन्संनी वाचलं, 'वाचवलं' तिच्याकडून ठळक करवून घेतलं.

"दुसरी. जावईबापूंनी हिची माफी मागायची. रात्र व्हायच्या आत, फोनवर, लिहून. स्वतःच्या शब्दांत. कुणाचं न ढापता. एवढंच."

"एवढंच ना?" मालकांचा जीव भांड्यात पडला. "मागतील, मागतील. काय हो जावईबापू?"

जावईबापूंनी मान हलवली. उलटी करून मोकळा झालेला चेहरा, पुन्हा गुळगुळीत.

आम्ही गल्लीतून निघालो तर मागून कुरकुऱ्या आला. हातात त्याचा चहाचा मग आणि एक मरायला टेकलेली कुंडी. "मीही निघालो," म्हणाला. सुनेने कुंडी घेतली. बुटातला एक पाय अजून पचपच वाजत होता त्याचा.

घरी आल्यावर सगळ्यांनी अंघोळी केल्या. जेवायला कुणी बसेना. मी भांड्यांची झाकणं उघडून पुन्हा लावत होते.

तेवढ्यात सुनेला एक फोन आला. दुसरी कंपनी. "ग्रुपवर वाचलं. ती हिरव्या दाराची बाई तुम्हीच ना? उद्या याल का मुलाखतीला?"

"येते," सून म्हणाली. "पण आधी एक सांगा. तुमचा प्रश्न नमुन्याचा असतो की खरा?"

पलीकडचा माणूस इतका हसला की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. आणि मग सूनही हसली, माझं हाड मोडल्यापासून पहिल्यांदा असं. मी पुन्हा झाकण लावलं.

दिवेलागणीला तिचा फोन पुन्हा वाजला. निरोप होता. जावईबापूंचा.

सुनेने वाचला. फोन वन्संच्या हातात दिला. वन्संनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं:

"'प्रिय ग्राहक, तुमचं पार्सल पोचायला उशीर झाला. आम्ही मनापासून दिलगीर आहोत. पुढच्या ऑर्डरवर खास सूट घ्या.'"



"ह्याही नकलेत हिरवं दार राहिलंय," वन्सं म्हणाल्या, आणि आरोग्य खात्याचा नंबर फिरवला.